गिटार बदलायची असेल तर

औंढा, वसमत, कळमनुरी, हिंगोली या पट्ट्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी मुलं आता बरीच आहेत. गायन पार्टीत पूर्वी पेटी, ढोलकी आणि बेंजो एवढ्यावर भागायचं. मग कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आलं आणि त्यांच्या शेजारी गिटार येऊन उभी राहिली. चौदा एप्रिलच्या आसपासचे भीमगीतांचे कार्यक्रम, गणपती, लग्नाचा ऑर्केस्ट्रा, कॉलेजचं स्नेहसंमेलन, कुठे ना कुठे ती वाजतेच. आणि ती घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली की मुलं येऊन एकच प्रश्न विचारतात: ही देऊन, वर थोडे पैसे टाकून, दुसऱ्या पद्धतीची घेऊ का? स्ट्रॅटवाल्याला लेस पॉल हवी असते, लेस पॉलवाल्याला टेली हवी असते आणि एखाद्याला टोकदार शिंगांची, लॉकिंग ब्रिजवाली हवी असते.

मी या भागात गिटार वाजवतो, शिकवतो आणि पोरांच्या गिटारी उघडून दुरुस्तही करतो. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या गोष्टीचा तुम्हाला त्रास होतोय ती खरंच गिटारच्या घडणीत आहे का, हे पक्कं झाल्याशिवाय हातची गिटार देऊ नका. दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक गिटारींचा दोष तारांत, तारांच्या उंचीत, एखाद्या सुटलेल्या जोडणीत किंवा घरातल्या वायरिंगमध्ये निघतो. नवी गिटार आणली तरी घरातलं वायरिंग तेच राहतं. हळदीची पट्टी झाल्यावर किंवा सोयाबीन विकल्यावर घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे या अदलाबदलीत जातात, म्हणून एवढं तळमळीनं लिहितोय.

पहिली कसोटी फुकटची आहे. तुमच्यापेक्षा चांगलं वाजवणाऱ्या माणसाच्या हातात तुमची गिटार दहा मिनिटं द्या. अँप तुमचाच, केबल तुमचीच, नॉबही तुम्ही ठेवता तिथेच. आणि समोर बसून नीट ऐका. आपल्याकडे सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वीणा तीच, तारा त्याच, तरी रोज ऐकणाऱ्याला पहारा बदललेला न बघता कळतो. गिटारच्या बाबतीत तर हाताचा वाटा कितीतरी मोठा असतो. डाव्या हाताचं बोट फ्रेटच्या किती जवळ पडतं, पिक तारेला सपाट लागतं की तिरकं, ब्रिजजवळ वाजवता की नेककडे, नको त्या तारा तळव्यानं दाबून ठेवता की नाही, यावर आवाज पार बदलतो. त्या माणसाच्या हातात तुमची गिटार गोड वाजली, तर प्रश्न निम्म्याहून जास्त सुटला. त्यालाही काही खुपलं, तर नेमकं काय ते विचारून घ्या. ‘मजा येत नाही’ या उत्तरावर थांबू नका. तार उंच आहे, नेक जाड वाटते, वरच्या फ्रेटवर बेसूर जाते, घरघर येते, असं एक ठोस वाक्य त्याच्याकडून मिळवा. पुढचं सगळं त्या वाक्यावर ठरतं.

‘तार उंच आहे’ हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर. ते तपासायला कंपासमधली स्टीलची पट्टी पुरते, फक्त तिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो का ते आधी बघा. बऱ्याच पट्ट्यांना शून्याच्या आधी थोडी जागा सोडलेली असते आणि सगळं माप चुकतं. गिटार सुरात लावा, पट्टी बाराव्या फ्रेटच्या डोक्यावर उभी धरा आणि सहाव्या, म्हणजे जाड तारेची खालची कड किती वर आहे ते वाचा. साधारण दोन मिलिमीटर हे चांगलं माप आहे. पहिल्या बारीक तारेला दीड-पावणेदोन मिलिमीटर. तुमच्या गिटारवर तीन-साडेतीन निघाले, तर बोटं दुखणारच, बार कॉर्ड अडखळणारच, आणि तार दाबताना ताणली जाऊन सूरही चढणार. मुलाला वाटतं गिटार हलक्या दर्जाची आहे. खरं तर ब्रिजवरचे दोन-दोन बारीक स्क्रू अॅलन कीनं खाली घेतले की तेच वाद्य हाताला मऊ लागतं.

त्याआधी मात्र नेक बघायची, कारण आपली हवा नेकला स्वस्थ बसू देत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत होते, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला तळव्याला टोचू लागतात. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि नेकचा बाक बदलतो. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली गिटार तर दोन्ही ऋतूंत मार खाते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, नेक जिथे बॉडीला मिळते तिथे सहावी तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते ते बघा. वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवून सरकतील एवढी फट हवी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आत-बाहेर. जास्त असेल तर ट्रस रॉड आवळायचा, फटच नसेल तर सैल करायचा, तोही एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. फिरवला की पुन्हा सुरात लावा, एक दिवस जाऊ द्या, मग पुढचा निर्णय घ्या. रॉड घट्ट बसला असेल आणि फिरत नसेल तर हात काढा आणि जाणकाराकडे न्या. जोर लावून रॉड तुटला, तर मात्र नवी नेक किंवा नवी गिटारच घ्यायची वेळ येऊ शकते.

तारांबद्दल एकच सांगतो. सहा-आठ महिने न बदललेल्या, घामानं काळ्या पडलेल्या तारांवर कुठल्याही गिटारची परीक्षा करू नका. काही शे रुपयांचा नवा संच चढवा, मग बोला.

आता घरघरीकडे येतो, कारण ‘सिंगल कॉइल गुणगुणते, हंबकर घ्यायचा आहे’ हे कारण सांगून सगळ्यात जास्त गिटारी बदलल्या जातात. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज उमटते. पण ही एकटी गुंडाळी, म्हणजे सिंगल कॉइल, घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुणही तितक्याच आवडीनं पकडते. अमेरिकेत गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरनं १९५५ मध्ये यावर उपाय काढला आणि १९५७ पासून तो गिटारींवर दिसू लागला. दोन गुंडाळ्या शेजारी ठेवायच्या, एकीचा वेढा उलटा, चुंबकाची दिशाही उलटी. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध उमटते आणि एकमेकींना खाऊन टाकते, तारेचा आवाज मात्र बेरजेत येतो. हाच हंबकर.

ही युक्ती खरी आहे, पण तिची मर्यादाही खरी आहे. हंबकर चुंबकीय गुणगुण मारतो. घरात अर्थिंगच नसेल, तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कुणी कापून टाकली असेल, इन्व्हर्टरवर अँप चालत असेल, तर जी करकर येते ती बऱ्याच अंशी हंबकरमध्येही येते. म्हणून आधी तपासा. अँप चालू करून गिटार हातात घ्या आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एका दिशेला गुणगुण जवळजवळ बंद होत असेल, तर ती चुंबकीय आहे, आणि खोलीतला कुठला तरी जुना चोक, चार्जर किंवा इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर ती पाठवतोय. एकेक वस्तू बंद करून बघा. मग तारांना हात लावा. हात लावल्यावर आवाज कमी झाला, तर गिटारमधली अर्थची वायर शाबूत आहे आणि त्रास बाहेरून येतोय. हात लावल्यावर वाढला, तर आत कुठे तरी जोडणी तुटली आहे किंवा उलटी झाली आहे. बाजारात मोटार रिवाइंडिंग करणारा किंवा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा सोल्डरिंग गन घेऊन बसलेला असतो. त्याला जॅकची आणि ब्रिजखालची वायर दाखवली तर तो पाच मिनिटांत जोडून देतो. केबल हलवली की खरखर येते तीही बहुधा जॅकचा नट ढिला झाल्याचीच.

गुणगुणीचा हा झगडा फक्त गिटारवाल्यांच्या वाट्याला आलेला नाही. आपल्या औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत लेझरचा किरण धावणार आणि अवकाशातून येणारी थरथर तो टिपणार. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मिलनाचा जो पहिला संकेत पकडला, तो पस्तीस हर्ट्झवरून अडीचशे हर्ट्झपर्यंत चढत गेला होता. गिटारची सहावी तार ब्याऐंशी हर्ट्झवर वाजते आणि दुसरी तार दोनशे सत्तेचाळीसवर, म्हणजे तो संकेत बराचसा आपल्याच तारांच्या टापूत होता. आणि तिथल्या शास्त्रज्ञांनाही नोंदींतून विजेची साठ हर्ट्झची गुणगुण बाजूला काढावी लागते, कारण त्या देशातली वीज साठ हर्ट्झची आहे. आधी गोंगाट कुठून येतो ते शोधायचं, मग यंत्राला दोष द्यायचा, एवढी त्यांची शिस्त आपण घरातल्या अँपपुरती उचलली तरी पुष्कळ झालं.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक मुलाला सांगतो आणि इथेही सांगतो, कारण ती आवाजापेक्षा मोठी आहे. १९७२ च्या मे महिन्यात ब्रिटनमधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वी नावाच्या गिटारवादकाचा रंगमंचावरच विजेच्या धक्क्यानं मृत्यू झाला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. आपल्याकडे जनरेटरवर, एकातून एक काढलेल्या बोर्डांवर, पावसात ओल्या झालेल्या मंडपात कार्यक्रम होतात. तारांवर हात आणि माइकला ओठ, अशा वेळी दोन्हींच्या विजेत फरक असला तर वीज अंगातून जाते. माइकची जाळी आणि गिटारची तार यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून बघा. त्यावर काही व्होल्ट दिसले तर गाऊ नका, वाजवू नका, मंडपवाल्याला बोलवा. स्टेजच्या बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावायला सांगा. तो खर्च मंडळाला जड नाही. ज्या घरात नवी गिटार घ्यायचे पैसे निघतात, त्या घरात आधी अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या. पालकांनो, हे तुमच्याकडे मागणं आहे.

आणखी एक गैरसमज मिक्सरचा. कार्यक्रमात गिटार थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये खुपसली जाते आणि आवाज पातळ, कर्कश, टिनच्या डब्यासारखा येतो. मुलगा घरी येऊन म्हणतो, गिटार बदलायची. पण गिटारच्या अँपचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज गिळून टाकतो, म्हणून अँपवर गिटार गोड वाटते. मंडपातले मोठे बॉक्स तो सगळा टोकदार आवाज जसाच्या तसा फेकतात. शिवाय पिकअपला हवा तसा इनपुट मिक्सरला नसतो, त्यामुळे आवाज आणखी दबतो. अँपसमोर माइक ठेवा, किंवा स्पीकरचा आवाज घडवणारी सोय असलेला लहान इफेक्ट प्रोसेसर मध्ये लावा. लाखाची गिटार थेट मिक्सरला लावली तरी तशीच कर्कश वाजेल.

एवढं सगळं करून झालं आणि मन तरी दुसरीकडेच ओढ घेत असेल, तर मग घडणीचा विचार करू. तो विचार करण्यासारखाच आहे, कारण फरक खरे आहेत. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. दुरुस्तीला सोपी पडावी म्हणून त्यानं नेक स्क्रूनं बसवली. १९५० च्या सुमारास त्याची जी गिटार आली तीच पुढे टेलिकास्टर झाली आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. गिब्सननं १९५२ मध्ये लेस पॉल काढली. तिची नेक चिकटवलेली, बॉडी जाड महोगनीची, वर मेपलचा थर. फेंडर पद्धतीत नट ते ब्रिज लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सन पद्धतीत पावणेपंचवीस. पाऊण इंचाचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर आखूड गिटारवरचा ताण सुमारे सहा टक्क्यांनी कमी भरतो. मींड घेताना, तार वर ढकलताना बोटाला ते लगेच कळतं. वजन मात्र उलट्या बाजूला आहे. लेस पॉल चार-साडेचार किलोची असते. रात्री नऊपासून दोनपर्यंत ती खांद्यावर घेऊन उभं राहिल्यावर पाठ काय म्हणते, ते दुकानात खुर्चीत बसून कळत नाही.

आवाजाचं म्हणाल तर आपल्या कार्यक्रमांत गिटार एकटी नसते. ढोलकी आहे, ऑक्टोपॅड आहे, कीबोर्डवाला दोन्ही हातांनी मधली सगळी जागा भरतोय. अशा गर्दीत सिंगल कॉइलचा मोकळा, टणक आवाज वाट काढतो. हंबकरचा भरदार आवाज कीबोर्डच्या आवाजात मिसळून जातो, मग मुलगा व्हॉल्यूम वाढवतो आणि गायकाचे शब्द बुडतात. भीमगीतकार वामनदादा कर्डकांच्या परंपरेतलं गाणं लोक शब्दांसाठी ऐकायला येतात. तिथे शब्द बुडवणारी गिटार काय कामाची? म्हणून गायन पार्टीत वाजवणाऱ्यानं स्ट्रॅट देऊन लेस पॉल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मेटल वाजवायचं आहे, डिस्टॉर्शन भरपूर लागतं, पुण्यात बँड जमतोय, असं असेल तर हंबकरच हवा आणि मी स्वतः तुम्हाला घ्यायला सांगेन. दोन्हीकडे पाय असलेल्यांसाठी ब्रिजला हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी स्ट्रॅट मिळते. सिंगल कॉइलच्याच आकाराचे हंबकरही मिळतात. म्हणजे कित्येकदा गिटार न बदलता नुसता पिकअप बदलून काम होतं.

लॉकिंग ब्रिजच्या, फ्लॉइड रोझ पद्धतीच्या गिटारीबद्दल जरा सावध करतो. व्हिडिओत ती फार आकर्षक दिसते आणि तार खाली-वर झुलवण्याच्या कामात तिला तोड नाही. पण आपला गायक एक गाणं काळी एकमध्ये गातो, पुढची गायिका काळी चार मागते, आणि पेटीवाल्यानं सूर दिला की तुम्हाला तिथे हजर राहायचं असतं. साध्या ब्रिजवर अर्धा सूर उतरवायचा तर मिनिटभरात उतरवता येतो. तरंगत्या ब्रिजवर एक तार उतरवली की स्प्रिंगांचा तोल बिघडतो आणि बाकीच्या पाच चढतात. अॅलन कीनं नटवरची कुलपं उघडा, परत लावा, तोवर निवेदकाला बोलत राहावं लागतं. आणि ऐन गाण्यात एक तार तुटली तर उरलेल्या पाचही बेसूर. ज्याला रोज स्टेजवर सूर बदलायचा आहे, त्यानं कॅपो आणि स्थिर ब्रिज यांच्यावर विसंबावं.

मोठ्या वादकांची उदाहरणं मुलं मला देतात, तेव्हा मी त्यांना ती पूर्ण ऐकायला सांगतो. एरिक क्लॅप्टन १९६६ मध्ये लेस पॉल आणि मार्शल अँपवर ज्या आवाजानं गाजला, तो सोडून तो पुढे स्ट्रॅटकडे गेला. नॅशव्हिलमध्ये घेतलेल्या जुन्या स्ट्रॅटींपैकी तीन गिटारींचे चांगले भाग जोडून त्यानं एक गिटार बनवली, तिला ब्लॅकी नाव दिलं आणि बरीच वर्षं तीच वाजवली. २००४ मध्ये व्यसनमुक्ती केंद्राच्या मदतीसाठी झालेल्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. त्यानं पद्धत बदलली हे खरं, पण त्याआधी त्याचं गाणं बदललं होतं, आणि बदलल्यावर तो एकाच गिटारीवर ठाम राहिला. आपल्याकडचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. ब्रिजभूषण काब्रांना गिटारवर राग वाजवायचा होता. फ्रेटवर बोटानं हवी तशी लांब मींड निघत नव्हती. त्यांनी गिटार आडवी धरली आणि तारेवर धातूचा रॉड सरकवला. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आली, तिच्यात संतूर आणि बासरीच्या शेजारी ती गिटार आहे. पुढे विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफेच्या तारा बसवून मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं. या दोघांनाही आपल्याला कोणता सूर काढायचाय ते आधी ठाऊक होतं, म्हणून वाद्याचं काय करायचं ते त्यांना सुचलं.

तुम्हीही तेच लिहून काढा. पुढच्या वर्षभरात कोणती गाणी वाजवणार, कुणाबरोबर, कुठे. ती गाणी हातातल्या गिटारवर का निघत नाहीत ते एका ओळीत लिहा. ओळ लिहिता आली तर बदला, अजिबात मागे हटू नका. हात लहान आहे आणि साडेपंचवीस इंचावर बोटं ताणली जातात, हे कारण पुरेसं आहे. खांदा दुखतो, हेही पुरेसं आहे. फ्रेट झिजून खाचा पडल्यात आणि नवे बसवायचा खर्च गिटारच्या किमतीला भिडतोय, हेही. अमक्याच्या हातात ती दिसली, रंग जुना वाटतो, मित्रानं बदलली म्हणून मीही, ही कारणं पुरेशी नाहीत. कार्यक्रम महिन्याभरावर आलेला असताना तर काहीच बदलू नका. नव्या नेकवर हात बसायला वेळ लागतो.

व्यवहाराला जाताना बैलबाजार आठवा. शिंगांचा रंग बघून कुणी बैल घेत नाही, आधी जुंपून चार पावलं चालवतो. आपली अडचण अशी की गिटारींचं बऱ्यापैकी दुकान म्हणजे नांदेड, संभाजीनगर किंवा थेट पुणे. त्यामुळे मुलं फोटो बघून मागवतात. शक्य असेल तर गाडीभाडं खर्च करा आणि जा. जाताना आपली गिटार, आपला अँप किंवा निदान आपला प्रोसेसर सोबत न्या, कारण दुकानातल्या महागड्या अँपवर प्रत्येकच गिटार छान वाजते. अर्धा तास उभं राहून वाजवा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून कुठे आवाज मरतो का, कुठे फ्रेटवर आपटतो का ते ऐका. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर जुळतात का बघा. नेकच्या मुळाशी आणि हेडस्टॉकच्या मानेजवळ चीर आहे का, हे उजेडात निरखा. गिब्सन पद्धतीच्या गिटारींची मान तिथेच मोडते. नामांकित नावाच्या नकली गिटारी बाजारात आहेत, तेव्हा हेडस्टॉकवरचा अनुक्रमांक कंपनीकडे तपासून घ्या आणि जुन्या वस्तूचं मूळ बिल मागा. ऑनलाइनच घ्यायची वेळ आली, तर परतीची मुदत आधी वाचा आणि खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा.

एक्स्चेंजमध्ये दुकानदार तुमच्या गिटारला कमीच भाव देणार. त्याला ती परत विकायची आहे, दुरुस्त करायची आहे, नफाही काढायचा आहे, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून तो भाव ऐकल्यावर त्याच दिवशी हो म्हणू नका. त्या आकड्यातून नव्या गिटारीसाठी वर टाकायचे पैसे किती ते मांडा आणि त्याच पैशात आहे त्या गिटारला नवे पिकअप, नवा नट, व्यवस्थित सेटअप आणि एक बरा अँप येतो का ते बघा. माझ्या अनुभवात पुष्कळदा येतो. हप्त्यावर, कर्ज काढून बदलायला तर मी साफ नाही म्हणेन. शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यावर हप्ता बसला की तो शिकण्यासाठी वाजवत नाही, हप्ता फेडायला मिळेल त्या कार्यक्रमात वाजवतो.

विकायचंच ठरलं तर दुकानात देण्याआधी गावात विचारा. औंढ्यात, शिरड शहापूरला, जवळा बाजारला शिकू बघणारी मुलं आहेत, ज्यांच्या घरून नवी गिटार निघणार नाही. दुकानदार देतो त्याहून थोडे जास्त तुम्हाला मिळतील आणि त्या मुलाला बाजारभावापेक्षा कमी पडेल. देताना नव्या तारा चढवा, उंची नीट करा, केबल आणि बिल सोबत द्या, आणि काही खोट असेल, एखादा फ्रेट वाजत असेल, एखादा नॉब खरखरत असेल, तर ते तोंडानं सांगा आणि तेवढे पैसे कमी घ्या.